तोफेचा गोळा कोणाला लागला?

गेल्या साली सातवीच्या वर्गात मी मलिक-ए-मैदान तोफेचा इतिहास सांगत होतो. नगरच्या मास्तराला हा विषय विशेष प्रिय. कारण ती तोफ आज विजापूरच्या शेर्झा बुरुजावर विसावलेली असली, तरी ओतली गेली ती आमच्या नगरात, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत, महंमद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराच्या हातून. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांच्या आसपास, आणि तोंड असे घडविलेले की श्वापदाच्या जबड्यात हत्ती सापडला आहे. मी अगदी रंगात आलो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पण तिचा गोळा कोणाला लागला?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी सावेडीला येईपर्यंत तो प्रश्न काही सुटेना. इतकी वर्षे मी तोफेचे वजन सांगत आलो, लांबी सांगत आलो. गोळा कोठे पडला हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण कादंबऱ्या लिहिण्याच्या निमित्ताने जुनी पुस्तके चाळण्याची खोड आहे. ती चाळू लागलो.

१५६५ सालच्या तालिकोटच्या रणात ही तोफ होती असे सांगतात. त्या लढाईत निजामशाही तोफांत तांब्याचे पैसे ठासून विजयनगरच्या दाट फौजेवर डागले, ही कथा तर प्रसिद्धच आहे. चांदबिबीने किल्ल्यातून नाणी डागल्याची आख्यायिकाही आपण आवडीने सांगतो. पण पैसे ठासून मारणे याचा अर्थ काय? नेम धरण्याची गरजच ठेवायची नाही. समोर गर्दी आहे, मूठभर धान्य फेकावे तसे फेकायचे. मलिक-ए-मैदानाच्या तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांहून थोडा अधिक; म्हणजे लांबी तोंडाच्या जेमतेम सहापट. पहिल्या महायुद्धातली ती प्रसिद्ध थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. तिची नळी २५ इंचांची, भोकाच्या ८३ पट! एक नुसता आवाज आणि धाक, दुसरी नेम. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा पोरांचे चेहरे थोडे उतरले, हे कबूल केले पाहिजे. माझाही उतरला होता.

जुन्या तोड्याच्या बंदुकीचेही तेच. नळी आतून गुळगुळीत, आणि गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान. नाहीतर गजाने ठासता येत नसे. बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येई, आणि शेवटची टक्कर ज्या बाजूला होई त्याप्रमाणे तिची गिरकी आणि वाट ठरे. हे १७४२ साली तोफांच्या शास्त्रावर पुस्तक लिहिणाऱ्या बेंजामिन रॉबिन्सने नीट ओळखले. नळीला आतून पेचदार आटे पाडले, तर गोळी भोवऱ्यासारखी एकाच आसाभोवती फिरेल आणि भरकटणार नाही, असे त्याचे म्हणणे. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, हे आपल्या पोरांना रॉबिन्सच्या आधीपासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि मोजून मांडणे वेगळे.

अकबराचे उदाहरण कोणी देईल. चितोडच्या वेढ्यात १५६८ साली त्याने आपल्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने तटाची डागडुजी करून घेणाऱ्या जयमलास टिपले, असे अबुल फजल लिहितो. मला ते खोटे वाटत नाही. पण तो एक बार. एका बाराबद्दल मला स्वतःचा अनुभव आहे, तो सांगतो.

शाळेत असताना मी एन.सी.सी.मध्ये होतो. पॉइंट टू-टू रायफल, पालथे पडून पाच गोळ्या. माझ्या चार गोळ्या कागदाच्या चार दिशांना गेल्या आणि पाचवी बरोबर मध्यभागी. मी ती मधली सगळ्यांना दाखवीत फिरू लागलो. आमचे हवालदार उस्ताद कागदाकडे पाहून म्हणाले, “ही तुझी नाही. ही चुकून लागली.” मला रडू कोसळायचेच बाकी होते. पुढे त्यांनीच समजावले : पाचही गोळ्या एका ठिकाणी पडल्या पाहिजेत, मग ते ठिकाण मध्यापासून दूर का असेना. ठिकाण माशी सरकवून बदलता येते. विखुरलेपणाला उपाय माणसातच शोधावा लागतो. श्वास अर्धा सोडून थांबवणे, गाल दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकणे, चाप झटका न देता दाबणे. मागची खाच आणि पुढची माशी यांत ३० इंचांचे अंतर धरा. माशी इंचाचा शंभरावा भाग हलली, तर १०० यार्डांवर गोळी सव्वा इंच चुकते, आणि १००० यार्डांवर फूटभर. शिवाय लांब पल्ल्यावर वारा आहेच.

नगरच्याच इतिहासात याचा दाखला आहे, आणि तो आपल्याला सुखावणारा नाही. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने ८ तारखेला शिड्या लावून पेठ घेतली. मग किल्ल्यापुढे चार तोफांचा मोर्चा बांधला; १० ला पहाटे मारा सुरू झाला. चारच तोफा, पण मारा एकाच बाजूच्या तटावर. १२ तारखेला शिंद्यांची सुमारे १४०० माणसे किल्ला सोडून बाहेर पडली. मात्र शिंद्यांचे गोलंदाज कच्चे होते असे कोणी समजू नये. दीडच महिन्यात, २३ सप्टेंबरला, असईच्या रणात त्यांनी वेलस्लीची दीड हजारांवर माणसे घायाळ किंवा ठार केली, आणि कित्येक गोलंदाज तोफेजवळच पडले.

पुढे लांबट गोळी आली. कॅप्टन नॉर्टनला तिची पोकळ बूड दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणावरून सुचली, असे सांगतात. फुंकर मारली की बाणाचे मऊ बूड फुगून नळी बंद होई. मुंबई तोफखान्याच्या जॉन जेकबने सिंधमध्ये चार आट्यांची रायफल बनवून २००० यार्डांच्या पल्ल्याचे प्रयोग केले. पण ही विद्या आपल्या हाती राहू दिली गेली नाही. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्यांच्या मागची, एक पिढी जुनी हत्यारे मिळत, आणि १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे बंद झाले. नेमबाजी म्हणजे शिकार करणाऱ्या संस्थानिकांचा नाद, अशी समजूत आपल्याकडे रुजली ती यातूनच, असे माझे मत आहे.

म्हणून १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर झाले, ही गोष्ट मला मोठी वाटते. २०१० साली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. ६०० पैकी ५९७. २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्य मिळवले. वडील शिक्षक, म्हणून आम्हा मास्तरमंडळींना जरा जास्तच आनंद. त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, सदऱ्याच्या बटणाएवढे. गुडघ्यावरच्या आणि पालथ्या फेऱ्यांत तो मागे होता; सर्वांत अवघड अशा उभ्या फेरीत वर आला.

के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालू असला की कधी कधी सावेडीत माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात. पूर्वी मी नुसता आवाज ऐकत असे. आता दोन आवाजांतले अंतर मोजत बसतो.

तो मागच्या बाकावरचा पोरगा यंदा आठवीत गेला आणि एन.सी.सी.त दाखल झाला. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने पहिल्या फायरिंगचा कागद मला आणून दाखवला. पाचही भोके डावीकडे खाली, मध्यापासून चांगली चार बोटे दूर. पण काडेपेटीखाली झाकतील इतकी जवळ. तो ओशाळला होता. “सर, एकही लागली नाही,” म्हणाला. मी त्याच्याकडून तो कागद मागून घेतला आणि वर्गात मलिक-ए-मैदानाच्या चित्राशेजारी टाचणीने लावला.