ओसाड वाडा आणि श्रवणभक्ती

भयकथा हा मूळचा श्रवणाचा विषय होय. माजघरात दिवा मालवल्यावर आजीच्या मुखातून ती येई. पुढे छापखान्याने तिला डोळ्यांच्या स्वाधीन केले. नारायण धारपांनी (१९२५–२००८) तिचा मोठा वाचकवर्ग घडविला. २०१७ साली ‘स्टोरीटेल’ भारतात आले आणि मराठी कादंबऱ्या पुन्हा कानांकडे वळल्या.

१८८२ साली अँग्लो-इंडियनांसाठी वसविलेल्या व्हाइटफील्डात आता जुने बंगले विरळच. तेथील उंच इमारतींत राहून आम्ही ओसाड वाड्याची कादंबरी ऐकतो. आमच्या मुलांना मराठी वाचन जड जाते. परंतु ‘कोण आहे तिकडे?’ हे शब्द कानी पडताच तीही श्वास रोखतात. परमुलखात मायबोली राखण्यास भूतही साह्य करील, तर त्याला नाही का म्हणावे?