टिनावरच्या गारांची कुळकथा

कळमेश्वरच्या एमआयडीसीत जस्ताचा मुलामा दिलेले, रंगवलेले पोलादी पत्रे, म्हणजे टिन, तयार होतात आणि तालुक्याच्या शिवारात संत्र्याच्या बागा आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर अवकाळी गारपीट झाली की दोन्ही झोडपून निघतात. बागेत आंबिया बहाराची बारीक फळं गळतात आणि गोदामाचं टिन धडधडू लागतं. पुढची गार कधी आणि केवढी पडेल हे कोणीच सांगू शकत नाही. तरीही टिन किती हादरेल याचा हिशेब मांडता येतो. या गणिताचं कूळ शोधायला मात्र आधी कोर्टाची पायरी चढावी लागते.

फ्रान्सच्या गणितज्ञ प्वासाँने 1837 साली न्यायनिवाड्यांच्या संभाव्यतेवर ग्रंथ लिहिला. क्वचित घडणाऱ्या घटनांचं सूत्र त्यातच आहे. ते जगापुढे ठसठशीतपणे आणलं बोर्टकिविचने, 1898 मध्ये. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून दगावलेल्यांच्या नोंदी त्याने तपासल्या. दहा सैन्यदलं, वीस वर्षं, म्हणजे 200 नोंदी आणि 122 मृत्यू. एकही मृत्यू नसलेल्या नोंदी 109 निघाल्या. सूत्राचं उत्तर येतं 108.7! लाथ कोणाला बसेल ते कळत नाही, पण लाथांचा हिशेब जमतो.

आघात मोजून झाले, त्यांचा परिणाम मोजायचा राहिला. प्रत्येक आघाताचा परिणाम हळूहळू विरत जातो. अशा परिणामांच्या बेरजेची सरासरी आणि चढउतार कसे काढायचे, ते कॅम्पबेलने 1909 मध्ये दाखवलं. शॉटकीने 1918 मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हमधली खरखर याच वाटेने उलगडली. आघात दाटीने आले तर बेरजेच्या शक्यतांचा आलेख घंटेच्या आकाराचा होतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या राइसने 1944 मध्ये मांडलं. मग 1947 मध्ये हाउसनरने भूकंपालाच यादृच्छिक धक्क्यांची माळ मानलं.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला हादरा बसला. धरणातल्या यंत्राने धक्के टिपले आणि 103 मीटर उंचीच्या त्या धरणाला तडे गेले. तडा गेलेलं काँक्रीट पुढच्या धक्क्याला पहिल्यासारखं उत्तर देत नाही.

टिनाचंही तेच. बारीक गारेने ते किंचित लवतं आणि पूर्ववत होतं. आघात दुप्पट तर लवणंही दुप्पट. तिथवर बेरीज चालते. मोठ्या गारेने पोचा पडला की पुढची गार वेगळ्याच टिनावर पडते, आणि बेरीज मोडते. अशा अरेषीय रचनेसाठी वेगळी रीत लागते: टिन कोणत्या स्थितीत असण्याची शक्यता किती, आणि प्रत्येक आघाताने ती शक्यता कुठून कुठे उडी घेते, याचंच समीकरण लिहायचं. त्याचा पाया 1931 मध्ये कोल्मोगोरोव्हने आणि पुढे फेलरने घातला; आघातांनी कंपणाऱ्या रचनांसाठी जे. बी. रॉबर्ट्सने 1972 मध्ये ती रीत वापरली. त्यातून एक कळीची गोष्ट समोर येते. आघात विरळ पण जबर असतील, तर घंटेच्या आलेखावर विसंबता येत नाही. मोठ्या हादऱ्याची शक्यता त्या आलेखाने सांगितल्यापेक्षा बरीच जास्त असू शकते.

म्हणून गोदामावर टिन टाकताना त्याची जाडी सरासरी गारेवरून ठरवू नये. पोचा पाडणारी गार किती वर्षांतून एकदा येते, हे आधी विचारावं.