साठी झाली म्हणून नाव कमी करायचं का?



आपल्याकडं सहज म्हणतात, साठी बुद्धी नाठी. म्हातारी बाई नवं काही शिकायला निघाली की घरचेच हसतात. "गोवऱ्या मसणात गेल्या, आता काय शिकतीस?" बचत गटातही तेच होतं. वय झालं की कर्जाला अडचण येते, मग बैठकीत कुणीतरी सुचवतं, सासूचं नाव कमी करा आणि सुनेचं घाला. सून यावी, चांगलंच आहे. पण त्यासाठी सासूनं उठून जायलाच पाहिजे का? आज या प्रश्नावर इतिहासातल्या एका घराची गोष्ट सांगते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८ एप्रिल १८५८, मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२. म्हणजे १०४ वर्षांचं आयुष्य. गाव मुरूड. आपलं लातूरजवळचं मुरूड नव्हे, कोकणातलं, दापोलीकडचं. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवायचे. पहिली बायको वारल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा बाईशी लग्न केलं. गोदूबाई आठ वर्षांच्या असताना विधवा झाल्या होत्या. पुढे त्या आनंदीबाई झाल्या, पण लोक त्यांना बाया कर्वे म्हणूनच ओळखतात. या लग्नापायी गावानं कुटुंबाला वाळीत टाकलं.

१८९६ साली कर्व्यांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत चार मैल चालत हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला सांगायची आहे ती त्याच्या पुढची.

१९१६ साली कर्वे ५८ वर्षांचे होते. आज नोकरीतली माणसं त्या वयात निवृत्तीचे दिवस मोजतात. त्या वर्षी त्यांनी बायकांचं विद्यापीठ सुरू केलं, तेही अवघ्या पाच विद्यार्थिनींवर. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावानं १५ लाख रुपये दिले. तेच आजचं मुंबईचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे बोटीनं युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका फिरले, विद्यापीठाची माहिती देत आणि पैसे गोळा करत.

मग १९३६ साल आलं. वय ७८. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. एवढं मोठं विद्यापीठ उभं केल्यावर या माणसानं हातात काय घेतलं? ज्या खेड्यात शाळा नाही तिथं प्राथमिक शाळा काढायची. त्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधले पैसे त्यात घातले. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. शंभरी गाठली तेव्हा, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं.

बघा, वय वाढत गेलं तसं काम आकारानं लहान होत गेलं, पण थांबलं नाही. विद्यापीठानंतर चार भिंतींची शाळा काढायला त्यांना कमीपणा वाटला नाही. माझ्या मते शिकण्यासारखं आहे ते हे. १०४ वर्षं जगणं कुणाच्या हातात नसतं. आजचं वय आणि आजची ताकद बघून आपल्याला झेपेल एवढं काम निवडणं मात्र हातात असतं.

आता दुसरी बाजू. कर्वे संस्थेसाठी फिरत होते तेव्हा घर कोण चालवत होतं? बाया. पगारातला वाटा संस्थेकडं जायचा आणि ओढाताण यांच्या वाट्याला यायची. ‘माझे पुराण’ या आपल्या आठवणींत बायांनी ते मोकळेपणानं सांगितलं आहे. त्या स्वतःही आश्रमासाठी निधी गोळा करायच्या. १९५० साली त्या गेल्या, तेव्हा वय ऐंशीच्या पुढे होतं. त्यांना भारतरत्न नाही मिळालं. कुणाचंही चांगलं म्हातारपण दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टावर उभं असतं, हे त्यांच्याकडं बघून कळतं.

तिसऱ्या पार्वतीबाई आठवले, बायांच्या बहीण. जन्म १८७०. तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. पुण्यात बहिणीकडं आल्या आणि त्यानंतर शिकल्या. मग आश्रमाच्या कामाला लागल्या. गावोगाव हिंडून त्यांनी संस्थेसाठी पैसे जमवले. १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, इंग्रजी शिकायला त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरलं. १९५५ साली त्या वारल्या, पंच्याऐंशीच्या होऊन.

त्या काळी इतकं वय दुर्मीळ होतं. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आता ते सत्तरीपर्यंत आलं आहे. म्हणजे साठीनंतरची वर्षं ही आता आपल्या घराघरातली गोष्ट आहे. ती वर्षं ओसरीवर बसून मोजायची, की त्यात काही करायचं?

कर्व्यांना पेन्शन होती, शिक्षण होतं. आपल्या आज्यांकडं बहुतेक वेळा श्रावणबाळ योजनेचे पैसे तेवढे येतात, आणि गुडघे दुखतात. म्हणून त्यांच्याकडून डोंगर फोडायची अपेक्षा नको. पण राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात बियाणं कसं टिकवायचं, ते त्यांना येतं. गटात भांडण झालं तर कुणाचं कुठं चुकलं, ते त्यांना बरोबर दिसतं. बाळंतिणीजवळ बसायला त्या हव्या असतात. आणि ज्यांना अजून सही येत नाही, त्यांनी नातीकडून या वर्षी ती शिकून घ्यावी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत नाव कमी करायचा ठराव आला, तर आधी त्या आजीला विचारा, तुम्हाला कोणतं काम झेपेल? त्या सांगतील ते रजिस्टरात लिहा. कर्ज मिळो न मिळो, बैठकीतली त्यांची जागा त्यांचीच राहू द्या. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी त्या जागेवर आपणच बसणार आहोत.