ओर्तोनाची हाडं, सांग्रोची नावं

"समुद्र तं तुमच्या घरामागंच आहे ना जावईबापू, मंग तो पाहाले इतक्या दूर काहून चालले?"

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हा प्रश्न सौसरच्या घराच्या ओसरीवर बसून विचारला तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. बायकोचं माहेर सौसर, त्यामुळे "माझं सासर सौसर" हा विनोद लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी सोडलेला नाही. सप्टेंबर २०२३. पोळ्याला गेलो होतो. पुढच्या महिन्यात इटलीला जायचं ठरलं होतं. मावसबहिणीची मुलगी पेस्कारा या शहरात शिकते, तिच्याकडे जायला बहिणीला सोबत हवी होती. तिकीट बहिणीचं आणि रजा माझी, असा सरळ व्यवहार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार पाहिली, लांबच्या एका गच्चीवरून. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मधोमध पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा. पांढुर्ण्याच्या माणसांनी ते तोडून आणायचं आणि सावरगावच्यांनी दगड मारून त्यांना थोपवायचं. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवली आणि नदी ओलांडताना दोघंही दोन्हीकडच्या दगडांत सापडून मेली, अशी त्यामागची कथा. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी दगडच उचलले. मला त्या दिवशी एकच गोष्ट लक्षात राहिली. नदी गुडघाभर असली तरी समोरच्या काठावर कुणी टपून बसलेलं असलं की ती फार रुंद होते. हे वाक्य मला इटलीत पुन्हा आठवणार होतं.

चवथीला गोव्यात परतलो आणि ऑक्टोबरात निघालो. (आम्ही तिकडे असतानाच छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके काढून त्यांचा नवा पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ साली राज्यं पुन्हा आखली तेव्हा विदर्भ मुंबईकडे गेला आणि ही मराठी माणसं मध्य प्रदेशातच राहिली. आम्हा गोवेकरांना ही सीमेवरची अवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.)

पेस्काराहून दक्षिणेला लोकल गाडीनं थोडं गेलं की ओर्तोना लागतं. स्टेशन खाली समुद्राजवळ आणि गाव वर कड्यावर. पणजीत खालून आल्तिनो दिसतो तसं काहीसं. खाली बंदर, वर अर्धा ढासळलेला आरागोनी किल्ला आणि मधे चढण. सकाळी किल्ल्याजवळ उभा राहिलो आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग उमगलं, सूर्य समुद्रातून वर येत होता. हा आड्रियाटिकचा काठ, पूर्वेकडे तोंड केलेला. आमचा समुद्र सूर्य गिळतो, यांचा बाहेर काढतो. दुपारी 'ब्रोदेत्तो' नावाचं माशांचं कालवण खाल्लं. चांगलं होतं. नारळ नसला तर हुमण जितकं चांगलं होऊ शकेल तितकं.

पण ओर्तोनाला गेलो तो एका कबरीसाठी. गावाच्या बासिलिकेत तळघरात वेदीखाली सोन्याचा मुलामा दिलेली एक पेटी आहे आणि तीत संत थॉमसची हाडं आहेत, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. हाच तो येशूचा शंकेखोर शिष्य, जो जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवायला तयार नव्हता आणि जो भारतात आला असं आपल्याकडचे ख्रिस्ती मानतात. परंपरेनं त्याचा मृत्यू इ. स. ७२ मध्ये मैलापूरला झाला. तिथून हाडं एडेसाला गेली, आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाला. ती एका व्यापाऱ्यानं नेली असं चौथ्या शतकातला सिरियन कवी एफ्रेम सांगतो. ११४४ साली एडेसा पडलं, तेव्हा हाडं खिओस या ग्रीक बेटावर पोचली. आणि १२५८ साली ओर्तोनाच्या लेओने नावाच्या नाखव्यानं तीन गलबतं घेऊन त्या बेटावर स्वारी केली आणि हाडं, कबरीवरच्या दगडासकट, घरी आणली. स्वच्छ भाषेत बोलायचं तर ही लूट होती. ग्रीक अक्षरं कोरलेला तो दगडही चर्चमध्ये ठेवलाय.

गंमत म्हणजे पोर्तुगीजांनी १५२३ साली मैलापूरला खणलं, तेव्हा त्यांनाही हाडं मिळाली आणि तीही थॉमसचीच ठरली! सोळाव्या शतकात गोव्याच्या टांकसाळीत 'सां तोमे' नावाचं सोन्याचं नाणं पडत होतं, त्यावर याच संताची आकृती. खरी हाडं कुठली हा वाद मी घालणार नाही. माझ्या कारकुनी मेंदूला त्यात वेगळंच दिसतं. १५६६ साली तुर्कांनी ओर्तोना जाळलं, चर्चही पेटवलं, तरी हाडं वाचली. डिसेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून चर्चचा बुरूज आणि निम्मा घुमट पाडला, तरीही हाडं वाचली. १९४९ साली चर्च पुन्हा उभं राहून उघडलं. जवळजवळ आठशे वर्षं एका लहानशा गावानं एका परक्या माणसाची हाडं सांभाळली. मेलेल्याचा सांभाळ म्हणजे काय, हे त्या तळघरात कळतं.

याच किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, पेस्काराच्या उत्तरेला, आत्री नावाचं डोंगरावरचं गाव आहे. आम्हाला तिथं जाता आलं नाही, याची चुटपुट आजही आहे. कारण आत्रीच्या ड्यूकच्या घरात १५५० साली रोदोल्फो आक्वाविवा जन्मला. हाच पुढे जेजुइट होऊन गोव्यात आला, १५८० साली अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला जाऊन तीन वर्षं राहिला, आणि परतल्यावर १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत चार सहकाऱ्यांसह मारला गेला. पुढचं गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको, पण सांगतो. कुंकळ्ळीच्या सोळा गांवकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि न्यायनिवाडा न करता ठार मारलं. एकटा नदीत उडी टाकून निसटला. आक्वाविवाची हाडं विहिरीतून काढून पुढे जुन्या गोव्यात नेली, १८९३ साली रोमनं त्याला धन्य घोषित केलं. त्या पंधरा जणांचं काय? त्यांना त्यांच्याच गावात स्मारक मिळायला चारशेहून जास्त वर्षं जावी लागली. आत्रीच्या मुलाचा मला राग नाही. तोही घरापासून फार लांब, परक्या मातीत तिशी उलटल्यावर लगेच मेला. हिशेबातली तफावत मात्र डोळ्यांत खुपते.

आता त्या डिसेंबराकडे येतो. ओर्तोनाची लढाई कॅनडाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. २० ते २८ डिसेंबर १९४३ या काळात कॅनडाचे सैनिक आणि जर्मन छत्रीधारी सैनिक या गल्ल्यांतून घर घर लढले. रस्त्यावर गोळ्या, म्हणून घरांच्या भिंतींना भोकं पाडून एका घरातून दुसऱ्यात जायचे. गावातले तेराशेच्या आसपास नागरिक मेले. गावाबाहेर मोरो नदीजवळच्या स्मशानभूमीत सोळाशेहून अधिक थडगी आहेत, बहुतेक कॅनडाची. पण त्याच आठवड्यात गावापासून काही किलोमीटर आत, विल्ला ग्रांदे या खेड्यासाठी आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदरात उतरली आणि आड्रियाटिकच्या काठाकाठानं एकेक नदी ओलांडत वर आली. तिच्या २१व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती.

गमतीचा योगायोग बघा. त्याच वर्षी ९ मार्चला आपल्या मुरगाव बंदरात 'एहरेनफेल्स' वगैरे तीन जर्मन जहाजं खलाशांनी स्वतःच बुडवली, आणि त्यांच्यासोबत 'अन्फोरा' नावाचं एक इटालियन जहाजही होतं. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ही जहाजं इथं आसऱ्याला. युद्ध आमच्या दारात येऊन बुडालं आणि घाटावरची, कोकणातली पोरं युद्ध शोधायला इटलीत गेली.

ओर्तोनाच्या दक्षिणेला सांग्रो नदी समुद्राला मिळते. वाटेत किनाऱ्यावर 'त्राबोक्को' दिसतात. खडकांवर लाकडी खांब रोवून उभारलेले माच, लांब दांड्यांना टांगलेली जाळी पाण्यात सोडायची आणि वर ओढायची. कोचीच्या चिनी जाळ्यांचे भाऊबंदच! नदीजवळ तोरिनो दी सांग्रो या गावाच्या हद्दीत, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर सांग्रो नदीची युद्ध स्मशानभूमी आहे. २,६१७ थडगी. नोव्हेंबर १९४३ मध्ये माँटगोमेरीच्या आठव्या फौजेनं ही नदी ओलांडायची ठरवली आणि पाऊस कोसळला. नदी फुगली, बांधलेले पूल वाहून गेले, अलीकडची माणसं अलीकडे आणि पलीकडे गेलेली पलीकडे. मुख्य हल्ला २७ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झाला. समोरच्या चढावर जर्मन तोफा टपलेल्या. मला जाम नदी आठवली. तिथं दगड होते, इथं मशीनगन. पण मधल्या पाण्यात उभा राहिलेला माणूस दोन्हीकडे तितकाच उघडा.

स्मशानभूमीत एक वेगळं स्मारक आहे. ज्या भारतीय सैनिकांचे देह त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नीला दिले, त्यांच्या नावांचं. अशी स्मारकं इटलीत तीन. इथलं, फोर्लीचं आणि रिमिनीचं गुरखा स्मशानभूमीतलं. इथं पाचशेहून अधिक नावं आहेत. थडगं नाही, म्हणून पांढरा दगड नाही, दगडापाशी फुलझाड नाही. नुसती नावं, ओळीनं, रोमन लिपीत. त्या लिपीत आपली आडनावं वाचणं हा एक विचित्र अनुभव असतो. इंग्रज कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं. हजेरीपटावर नावं लिहिण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे कुठं काना चुकला आणि कुठं 'ळ'चा 'ल' झाला हे लगेच दिसतं. मी ती नावं मोठ्यानं, नीट मराठीत वाचत गेलो. बहीण म्हणाली, "दादा, लोक बघतायत." बघू देत, म्हटलं.

इटलीत एकूण किती भारतीय मेले याचा आकडा ५,७०० च्या वर जातो. सुमारे ५०,००० भारतीय तिथं लढले, चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन. इटलीतल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय पलटणींकडे आले, त्यांतले दोन मराठ्यांकडे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडला. बरोबरचे सगळे मेलेले किंवा जखमी, तेव्हा हा एकटा मशीनगनवर धावून गेला. ती त्यानं बंद पाडली आणि मग लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. वय २२. त्याला थडगं नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावला तहसील कार्यालयाच्या आवारात पुतळा आहे. सातबारा काढायला आलेल्यांपैकी किती जण वर बघतात कोण जाणे. आम्ही गेलो त्याच वर्षी जुलैत मोंतोने या इटालियन गावानं त्याच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं.

दुसरा, नगर जिल्ह्यातल्या निमजचा शिपाई नामदेव जाधव. तो याच आठव्या डिव्हिजनच्या पहिल्या मराठा पलटणीतला, म्हणजे सांग्रो ओलांडलेल्या पलटणीतला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर त्यानं दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडच्या काठावर आणलं. मग पुन्हा पलीकडे जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली, हात जायबंदी झाल्यावर हातबॉम्ब वापरले आणि बांधावर उभं राहून पलटणीची गर्जना करत मागच्यांना बोलावून घेतलं. तो मात्र घरी परतला आणि १९८४ पर्यंत जगला.

दिवाळीनंतर सौसरला गेलो तेव्हा मामाजींना मोबाइलवर फोटो दाखवले. समुद्रातून उगवणारा सूर्य त्यांनी एकदाच पाहिला आणि पुढे सरकवला. थॉमसची पेटी पाहून "सोन्याची आहे का?" एवढंच विचारलं. नावांच्या दगडाशी मात्र थांबले. चष्मा लावून, अंगठ्यानं फोटो मोठा करत एकेक आडनाव सावकाश वाचू लागले. इंग्रजी त्यांना येतं, पटवारी म्हणून निवृत्त झालेत.

"गावं नाही लिहिली?"

"दगडावर नाहीत. दप्तरात असतात. बापाचं नाव, गाव, जिल्हा."

"हं." बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाळलं तं जाळलं. राख कुठं सोडली असन?"

मी फोनवर नकाशा उघडला आणि सांग्रो जिथं समुद्राला मिळते ती जागा त्यांना दाखवली.