लघुसैनिक, धातूचे
कथिल व शिसे यांच्या मिश्रधातूपासून ओतून रंगविलेल्या सैनिकांच्या छोट्या प्रतिमा. संग्राहकांत नेपोलियनकालीन सैनिकांना विशेष स्थान आहे. कारण त्या काळी पलटणीगणिक गणवेशांचे रंग व चिन्हे भिन्न असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट घराण्याने सपाट सैनिकांचा व्यवसाय भरभराटीस आणला. पाटीच्या दगडात कोरलेल्या दुहेरी साच्यात ते ओतीत. पॅरिसमध्ये भरीव, तर लंडनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात १८९३ पासून पोकळ सैनिक तयार होऊ लागले.

मुळात खेळणी असलेल्या या प्रतिमा पुढे इतिहासाच्या वादाचाही विषय झाल्या. ब्रिटिश सेनाधिकारी विल्यम सायबोर्न यांनी वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांकडून पत्रांद्वारे माहिती मिळवून तिची प्रतिकृती तयार केली व १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित केली. तीत हजारो लघुसैनिक होते. त्यांतील प्रशियन सैन्याच्या स्थानामुळे विजयाचे श्रेय विभागले जाते, असा आक्षेप वेलिंग्टनच्या निकटवर्तीयांनी घेतला. ही प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझीयममध्ये आहे. गणवेश अचूक असले, तरी मांडणी निःपक्षपाती असतेच असे नाही, हे तीवरून दिसते.

ओकच्या कपाटातील आम्लयुक्त बाष्पांमुळे शिसे झिजून त्यावर पांढरी भुकटी जमते. जुन्या प्रतिमा पुन्हा रंगविल्यास मूळ रंगांचा पुरावा नष्ट होतो. म्हणून जाणकार संग्राहक त्या आहेत तशाच जतन करतात.