आगाऊ प्रवेशाचा करार

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांकडे अर्जांचा ओघ वाढला आणि एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करू लागला, तेव्हा प्रवेश दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष दाखल किती होतील याचा अदमास बांधणे प्रवेशाधिकाऱ्यांना दुष्कर झाले. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही विद्यापीठे त्या काळी निवडक शाळांतील विद्यार्थ्यांना अ, ब, क अशा श्रेणी आगाऊच कळवीत, आणि ज्याच्या नावापुढे ‘अ’ पडे त्याची चिंता मिटे. त्यांच्याशी चढाओढ करणाऱ्या ॲमहर्स्ट, विल्यम्स यांसारख्या लहान महाविद्यालयांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निराळी तजवीज केली: जो आम्हांसच पहिली पसंती देईल त्याला निर्णय लवकर कळवू, मात्र प्रवेश मिळताच त्याने अन्य अर्ज मागे घ्यावेत.

हीच ‘अर्ली डिसिजन’ पद्धत. बहुधा नोव्हेंबरच्या आरंभी अर्ज, डिसेंबरच्या मध्यास निकाल, आणि करारनाम्यावर विद्यार्थी, पालक व शाळेतील समुपदेशक अशा तिघांच्या सह्या. पुढे रूढ झालेल्या ‘अर्ली ॲक्शन’ पद्धतीत निकाल तितकाच लवकर लागतो. परंतु होकार देण्यास १ मेपर्यंत मुदत असते. येल व स्टॅनफर्ड यांनी २००२ मध्ये मधला मार्ग जाहीर केला: आगाऊ अर्ज एकाच ठिकाणी, पण बंधन नाही.

या तीन वाटांत निवड करताना खरा प्रश्न द्रव्याचा असतो. पुरेसे अर्थसाहाय्य न मिळाल्यास करारातून सुटण्याची मुभा असते, हे खरे. तथापि निरनिराळ्या महाविद्यालयांचे साहाय्याचे प्रस्ताव शेजारी मांडून तुलना करण्याचा अधिकार सही करणारा गमावतो, आणि त्या अधिकाराची सर्वाधिक गरज निर्धनालाच असते. उलटपक्षी, आगाऊ अर्जाचा लाभ सॅट या प्रवेशपरीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या वाढीइतका असतो, असे ॲव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर या संशोधकांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. म्हणजे ज्याला खर्चाची विवंचना नाही, त्यालाच हा लाभ निर्धास्तपणे घेता येतो.

हा अन्याय ओळखून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आगाऊ प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले. परंतु बहुतेक प्रतिस्पर्ध्यांनी त्यांचे अनुकरण केले नाही, आणि २०११ मध्ये दोघांनीही ही प्रथा पुन्हा स्वीकारली. म्हणून ज्याचा निश्चय पक्का आणि खर्चाची तरतूद झालेली, त्याने खुशाल सही करावी. इतरांनी १ मेपर्यंतची मोकळीक सोडू नये. परंतु मूळ दोषाचे परिमार्जन विद्यार्थ्याच्या सावधगिरीने होणारे नाही. ते विद्यापीठांनीच, आणि एकत्र येऊन, केले पाहिजे.