पावती की कोर्ट?

हत्तीला दोन रुपये. उंटाला आणि म्हशीला आठ आणे. घोडा, बैल, गाय, प्रत्येकी चार आणे. वासरू, गाढव आणि डुक्कर दोन आणे. मेंढी-शेळीला एक आणा.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, त्याच्या बाराव्या कलमातला हा दंडाचा तक्ता आहे. कुणाच्या पिकात शिरलेले किंवा सरकारी रस्त्यावर मोकाट सुटलेले जनावर पकडायचे, कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरला की सोडायचे. तक्त्यातला हत्ती पाहून पुण्या-मुंबईचा वाचक हसेल. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला सरकारी हत्तीकॅम्प आहे आणि २०२१पासून छत्तीसगडातून आलेले रानहत्तीही इकडे फिरत असतात. त्यांना कोंडवाड्यात कोणी घालायचे, ते कायदा सांगत नाही.

या जुन्या कायद्यापर्यंत मी पोहोचलो तो एका मोटारसायकलच्या चलानामुळे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एटापल्लीत माझे झेरॉक्सचे दुकान आहे. लोकांचे कागद हातातून जातात. त्यातले काही वाचावेसे वाटतात, काहींचा अर्थ लागत नाही म्हणून पुस्तके मागवावी लागतात. माझे शिक्षण हे असे झाले. गेल्या काही वर्षांत दुकानात येणाऱ्या कागदांत चलानांची भर पडली. लोक मोबाइल पुढे करतात, 'भाऊ, एवढं भरून द्या' म्हणतात आणि मी भरून देतो. हे चलान बरोबर आहे का, असे आजवर एकाही गिऱ्हाईकाने मला विचारलेले नाही. मीही कोणाला विचारले नाही, हेही सांगितले पाहिजे.

रस्त्यावर गाडी अडवली की एक प्रश्न ठरलेला असतो : पावती फाडू की कोर्टात पाठवू? आपण तो धमकी म्हणून ऐकतो. खरे तर कायद्याने दिलेल्या दोन वाटा त्यात सांगितलेल्या असतात. यातली दुसरी वाट किती जुनी आहे आणि ती ओस कशी पडली, हे शोधावे असे मला वाटू लागले.

१८७१च्या कायद्यात ही वाट स्पष्ट आखलेली आहे. आपले जनावर बेकायदा पकडले असे मालकाला वाटले, तर सोळाव्या कलमाप्रमाणे तो दंडाएवढी रक्कम अनामत ठेवून जनावर सोडवू शकत असे. म्हणजे पैसे भरले तरी गुन्हा कबूल केला असे होत नव्हते. मग विसाव्या कलमाप्रमाणे पकडल्यापासून दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. एकविसावे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तक्रार लेखी चालेल, तोंडीही चालेल; तोंडी असेल तर तिचा मतलब मॅजिस्ट्रेटने स्वतः लिहून घ्यायचा. मालकाला जमत नसेल, तर प्रकरण स्वतः जाणणारा त्याचा माणूस आला तरी पुरे. तक्रार खरी ठरली, तर पकडणाऱ्याने शंभर रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, शिवाय भरलेला दंड आणि जनावर सोडवण्याचा खर्चही परत करायचा. चार आण्यांच्या दंडासमोर शंभर रुपयांची भरपाई!

इंग्रजांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. दहा दिवसांत मॅजिस्ट्रेट गाठणे सिरोंच्या-चांद्याच्या जंगलात कुणाला शक्य होते, याचा विचार करून हे कलम लिहिलेले नाही. १८७४मध्ये मध्य प्रांतातला अप्पर गोदावरी जिल्हा मोडला, सिरोंचाचा मुलूख चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि कचेरी आणखी लांब गेली. पण कागदावर का होईना, सही न येणारा गुराखी फिर्यादी म्हणून उभा राहू शकतो, हे त्या कायद्याला मान्य होते.

जंगलखाते आले आणि हिशेब बदलला. १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या सत्तराव्या कलमाने राखीव जंगलात शिरलेल्या गुरांना हाच कोंडवाड्याचा कायदा लावला. एकाहत्तराव्याने सरकारला दर वाढवण्याची मुभा दिली : हत्तीला दहा रुपये, म्हशीला दोन, गाय-बैलाला एक रुपया, शेळीला आठ आणे. म्हणजे बैलाचा दर चौपट आणि शेळीचा आठपट. गरिबाच्या जनावराचा दर जास्त पटीने वाढला, याची नोंद मला कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून इथे करतो.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे कलम आहे अडुसष्टावे. वनगुन्ह्याचा वाजवी संशय असलेल्या माणसाकडून भरपाई म्हणून रक्कम घेऊन वनाधिकारी प्रकरण मिटवू शकतो. रक्कम भरली की पुढे खटला नाही आणि जप्त केलेला माल सोडून देता येतो. मूळ कायद्यात या रकमेला पन्नास रुपयांची मर्यादा होती. हा अधिकार रेंजरच्या खालच्या दर्जाच्या माणसाला द्यायचा नाही आणि त्या रेंजरचा पगारही महिना किमान शंभर रुपये हवा, अशीही अट होती. कमी पगाराच्या हाती असा अधिकार देऊ नये, एवढे व्यवहारज्ञान कायदा करणाऱ्याला होते.

'संशय असलेला माणूस' हे शब्द नीट पाहावेत. पैसे गुन्हेगाराकडून घेतलेले नाहीत, संशयिताकडून घेतलेले आहेत. गुन्हा झाला की नाही हे कोणी ठरवलेलेच नाही; ते ठरवायला लागू नये याचीच ती किंमत आहे. आमच्याकडे बैलगाडी भरून बांबू किंवा सागाचे लाकूड घेऊन निघालेल्या माणसाला नाक्यावर अडवले की गाडी आणि बैल दोन्ही जप्त होऊ शकत, कारण बावन्नाव्या कलमात हत्यारे, होड्या, गाड्या आणि जनावरे अशी यादीच आहे. नांगरणीच्या दिवसांत बैल जप्त झालेला शेतकरी तडजोड करील की तारीख घेईल? आणि अडवण्याचे कारण तरी काय, तर वाहतुकीचा परवाना नाही. वाहन बैलगाडी असले, तरी आजच्या चलानाचा आराखडा तिथे पूर्ण दिसतो : रस्ता, नाका, कागद, जप्ती आणि तडजोड.

आमच्याच जिल्ह्यात हा कागद एकदा उलट्या दिशेने गेला. २७ एप्रिल २०११ रोजी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. ज्या कागदासाठी नाक्यावर हात जोडावे लागत, तो गावाने स्वतः फाडून द्यायचा. पावती फाडणारा हात बदलला, एवढेच म्हटले तरी इथल्या माणसाला त्याचे मोल कळते.

मोटारींचा कायदा १९१४मध्ये आला, मग १९३९चा आणि शेवटी १९८८चा. त्यांचा इतिहास इथे सांगत बसत नाही. दोन कलमे पाहू. १९८८च्या कायद्याच्या दोनशेव्या कलमात वन कायद्यातली तीच तडजोड आहे. राज्य सरकारने ठरवलेला अधिकारी ठरवलेली रक्कम घेतो, प्रकरण मिटते. दोनशे आठव्या कलमात थोडक्यात चालणाऱ्या खटल्याची सोय आहे. समन्सवरच आरोपीला कळवता येते, की तुम्ही वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहू शकता, नाहीतर सुनावणीच्या आधी गुन्हा कबूल करून रक्कम मनिऑर्डरने पाठवू शकता. पोस्टाने गुन्हा कबूल करता येतो. पोस्टाने तो नाकारता मात्र येत नाही. नाकारायचा असेल तर स्वतः जा किंवा वकील पाठवा.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण या कायद्यांहून जुनी असेल, पण या कायद्यांनी तिला खतपाणी घातले आहे. कबुलीची वाट दर वेळी सोपी होत गेली : आधी मनिऑर्डर, मग कार्ड, आता मोबाइल. नकाराची वाट जिथे होती तिथेच राहिली. कोर्ट दुसऱ्या गावी असेल तर जाऊन येऊन एक दिवस मोडतो; मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, आणि पहिल्या तारखेला काम होईलच असे नाही.

अशा हिशेबाची एक गोष्ट जर्मनीतही घडली आहे. अब्दुलबाकी ओझतुर्क हा तिथे राहणारा तुर्की नागरिक. १९७८मध्ये त्याची मोटार एका उभ्या गाडीवर आदळली आणि त्याला साठ मार्कांचा दंड झाला. त्याने कोर्टात हरकत घेतली, पण सुनावणीत ती मागे घेतली. दंड भरून प्रकरण संपायला हवे होते. पण सुनावणीला त्याच्यासाठी दुभाष्या बसला होता आणि दुभाष्याचे तेसष्ट मार्क नव्वद फेनिग त्याच्याच नावावर टाकले गेले. दंडापेक्षा भाषा महाग! प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. जर्मन सरकारचे म्हणणे, की किरकोळ वाहतूकभंग आम्ही फौजदारी कायद्यातून काढून टाकले आहेत, त्यामुळे फौजदारी आरोपीचे हक्क इथे लागू नाहीत. २१ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायालयाने ते अमान्य केले. नाव काहीही द्या, दंड किरकोळ असला तरी आरोप तो आरोपच, आणि त्याला दुभाष्या फुकट मिळालाच पाहिजे, असा तो निकाल.

एटापल्लीत बसून हा निकाल वाचताना मला माझ्या दुकानासमोरचा बाकडा दिसत होता. त्यावर बसणाऱ्यांपैकी कित्येकांची भाषा माडिया. चलान मराठीत किंवा इंग्रजीत, कोर्ट मराठीत. आपल्याकडे आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याच्या भाषेत सांगितली पाहिजे, असे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९व्या कलमात होते आणि नव्या संहितेतही आहे. तिच्याच २५२व्या कलमात एक नाजूक तरतूद होती, तीही टिकली आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला, तर ती कबुली होता होईल तो त्याच्याच शब्दांत नोंदवायची.

आता माझ्या चलानाचे. २०१९च्या दुरुस्तीने दंड वाढले. महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१पासून लागू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कॅमेऱ्याच्या चलानांसाठी नियम १६७-अ आणला. नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे. तिच्यात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. मला आलेल्या चलानावर एका शहरातल्या चौकाचे नाव होते. त्या शहरात मी त्या वर्षी गेलोच नव्हतो. फोटोत स्कूटर होती. माझी मोटारसायकल आहे. नंबरातला एक आकडा चिखलाने भरला होता आणि वाचणाऱ्याने तो आपल्या मनाने वाचला होता. दंड पाचशे रुपयांचा. घरच्यांचे म्हणणे, भरून टाका. लोकअदालतीत थोडक्यात मिटेल असेही कोणी सुचवले, पण लोकअदालत म्हणजे तडजोड, आणि मी केलेच नाही त्याची तडजोड कशाची करायची?

मी कोर्टात गेलो. चार तारखा झाल्या. गाडीभाडे आणि बंद दुकान धरून दंडाच्या कितीतरी पट गेले. चौथ्या तारखेला फोटो आणि माझ्या गाडीचे कागद शेजारी ठेवले गेले आणि पाच मिनिटांत प्रकरण निकाली निघाले. चार आण्यांच्या बैलासाठी शंभर रुपयांची भरपाई देणारे कलम मोटारींच्या कायद्यात मला सापडलेले नाही.

पण मनात राहिली ती तिसरी तारीख. माझ्या आधी एक वयस्क माडिया गृहस्थ उभे होते. त्यांना चलानाचा नंबर वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारले. ते 'हो' म्हणाले. त्यांच्याच शब्दांत नोंद झाली, कलमाप्रमाणे. दंड भरून ते बाहेर आले आणि कागद माझ्यापुढे धरून, यात काय लिहिलंय, असे तुटक मराठीत विचारू लागले. मी वाचून सांगितले. ते म्हणाले, मला वाटलं, गाडी माझी आहे का असं विचारतायत. गाडी माझीच आहे. त्या दिवशी ती घरीच होती.

अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता सरकारी वकील फुकट मिळतो. १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमात तसे आहे. मी त्यांना ते सांगितले. अर्ज मी लिहून देतो, आत्ताच जाऊन विचारू, असेही म्हणालो. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि रस्त्याकडे बघितले.

"बस जाईल भाऊ," ते म्हणाले. "दुसरी नाही."